शाईतली गाय

इथे जर्मनीत आमच्या मराठी मंडळात माझ्या बायकोबद्दल एक गोष्ट सांगतात. ती पूर्वी जपानी पद्धतीची शाईची चित्रं काढायची, फार सुंदर काढायची, पण त्या शाईत गाईच्या कातड्याचा सरस असतो हे कळल्याबरोबर तिने कुंचला खाली ठेवला तो ठेवलाच. कलेपेक्षा धर्म मोठा मानला. पुण्याहून नव्याने आलेल्या मुली हे ऐकून तिच्या पाया पडतात. बाड हॉम्बुर्गला राहणाऱ्या एकीने तर आपलं तान्हं बाळ तिच्या पायांवर घातलं होतं.

ही गोष्ट खोटी आहे, आणि तिच्यातली गाय मी घातलेली आहे.

माझं वय आता असं आहे की डॉक्टर बोलताना माझ्याऐवजी माझ्या मुलीकडे बघतात. तेव्हा लिहून टाकतो. नावं कोणाचीच लिहीत नाही, त्या जपानी चित्रकाराचंही नाही. तो पाचशे वर्षांपूर्वीचा, मोठा प्रसिद्ध माणूस. पण आमच्या घरात त्याला कोणी नावाने ओळखत नव्हतं. बायको त्याला 'म्हातारा' म्हणायची. "आज म्हाताऱ्याचं एक नवीन कळलं," असं म्हणत ती संध्याकाळी घरात शिरायची, जसं एखाद्या सासऱ्याबद्दल बोलावं.

मी र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होतो, रंगकामाच्या विभागात, म्हणजे लाकिरेरायमध्ये. गाडीला रंग देणारी माणसं आणि यंत्रं वेगळी होती. मी रंग दिल्यानंतर काय चुकलं ते शोधायचो. पांढऱ्या नळ्यांच्या उजेडात दरवाजा तिरका धरायचा आणि बघायचं: कुठे धूळ बसली, कुठे बारीक खड्डा पडला, कुठे रंग जास्त होऊन ओघळला. ओघळ दिसला की खडूने गोल करायचा आणि गाडी घासायला परत पाठवायची. नोकरीभर मी हेच केलं आणि त्यात मी चांगला होतो.

बायको चित्रकलेकडे वळली ती अपघाताने. मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर तिला फोल्क्सहोखशूलेमध्ये, म्हणजे इथे गावोगावी असलेल्या प्रौढांच्या शाळेत, शिवणाच्या वर्गाला जायचं होतं. तो भरलेला होता. रिकामी जागा होती ती जपानी शाईचित्रांच्या वर्गात. शिकवणाऱ्या जर्मन बाई तरुणपणी बरीच वर्षं जपानात राहून आलेल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी कुंचला हातातच दिला नाही, नुसती शाई उगाळायला लावली. बाकीचे कंटाळले. माझी बायको लहानपणी देवपूजेचं गंध उगाळणारी. तिचा हात सहाणेवर फिरल्यासारखा फिरला आणि बाई तिच्यापाशी येऊन उभ्या राहिल्या म्हणे.

शाईची कांडी असते, काळी, साबणाच्या वडीसारखी. दगडाच्या खोलगट तबकात थोडं पाणी घ्यायचं आणि ती गोल गोल उगाळायची. कांडीत काजळी असते आणि ती धरून ठेवायला सरस. सरसाचा वास झाकायला कापूर घालतात. त्यामुळे ती उगाळायला बसली की आमच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आरती झाल्यासारखं वाटायचं.

सरसाचं मला तिनेच सांगितलं.

"सरस म्हणजे?" मी विचारलं.

"सरस म्हणजे सरस. सुताराकडे असतो तो. कातडी नि हाडं उकळून काढतात."

"कुठल्या जनावराची?"

"कुणास ठाऊक. बाईंनाही नक्की सांगता येत नाही. प्रत्येक शाईवाल्याचं वेगळं असतं म्हणे."

"आणि तुला चालतं?"

"म्हाताऱ्याला चालत होतं की," ती म्हणाली. "तो तर मठातला भिक्षू. मांसाला शिवत नव्हता. पण शाई हीच. मी पहिल्याच दिवशी घरी येऊन विचार केला, अहो. मग कांडीला नमस्कार केला. ज्याचं कोणाचं कातडं असेल त्याला. आता रोज करते."

मी हे पाहिलेलंही होतं. कांडी दगडाला टेकवण्याआधी ती कपाळापाशी न्यायची. मला वाटायचं, सरस्वतीला वगैरे करत असेल.

कापराचा वास ताज्या शाईचा. उरलेली शाई दगडात तशीच राहिली तर दुसऱ्या दिवशी तिचा खरा वास येतो. हिवाळ्यात हायझुंग, म्हणजे घर तापवणारी यंत्रणा, चालू, खिडक्या बंद, आणि घरात मेलेल्या उंदरासारखी घाण. मला त्या वासाने मळमळायचं. मी नाकाला रुमाल लावून स्वयंपाकघरातून फिरायचो, मुद्दाम तिच्यासमोरून. ती दगड धुऊन टाकायची आणि म्हणायची, "तुमचं नाक कारखान्यातच ठेवून येत जा. तिथे त्याचा पगार मिळतो."

माझ्या नाकाबद्दल आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर हिशेब पुरा होणार नाही. आमच्या घरात मांस शिजत नव्हतं, अंडंही नाही. पण कारखान्याच्या कांटीनमध्ये मी जवळजवळ रोज लेबरकेझ खायचो. ती एक गुलाबी लादी असते, डुक्कर आणि बैल एकत्र वाटून भाजलेली. तिचा जाड काप पावात घालून वर गोड मोहरी. मला ते फार आवडायचं. बायकोला ठाऊक होतं. शर्टाच्या बाहीवर मोहरी लागलेली असायची आणि शर्ट तीच धुवायची. कधी एका शब्दाने बोलली नाही. असा माणूस तिच्या शाईच्या दगडासमोर रुमाल लावून उभा राहायचा. आज मला किळस कशाची येत असेल तर त्या रुमालाची.

बाईंच्या वर्गात प्रत्येकाने एक जुना चित्रकार निवडून त्याच्यामागे लागायचं असा रिवाज होता. त्याची चित्रं पुन्हा पुन्हा उतरवायची, त्याचं आयुष्य वाचायचं, तो जे करायचा ते करून बघायचं. बाकीच्यांनी फुलं-पाखरांचे चित्रकार घेतले. हिने म्हातारा घेतला. लहानपणी त्याला मठात घातलेलं होतं, आणि त्याचं लक्ष मंत्रांत नव्हतं. त्याला खांबाला बांधून ठेवलं तेव्हा त्याने अश्रूंनी पायाच्या अंगठ्याने उंदीर काढला आणि तो खरा वाटला, ही कथा सगळे सांगतात. ती कथा हिला मुळीच आवडायची नाही. "कोणीतरी मागाहून चिकटवलीय," म्हणायची. "लोकांना चित्र बघायचं नसतं, अहो. रडका मुलगा हवा असतो."

तिला आवडायचं ते पुढचं. तो व्यापारी जहाजावरून चीनला गेला, कारण शाईचे मोठे गुरू तिथे होते असं सगळ्या जपानात मानत. तिथे पोचला तर गुरूच नाहीत. होते ते बेताचेच. मग त्याने तिथले डोंगर आणि नद्या बघितल्या आणि त्यांच्याकडून शिकला. परत आला तर राजधानीत लढाई, मठ जळालेले. तो तिकडे फिरकलाच नाही. पश्चिमेकडच्या एका गावी लांब राहिला आणि काम करत राहिला. "म्हणजे जिथे शिकायला गेला तिथे कोणी नव्हतं, आणि जिथे परत यायचं ते जळलं," ती पोळी लाटता लाटता सांगायची. "तरी बसला नाही हातावर हात धरून." हे सांगताना तिच्या आवाजात काय असायचं ते मला तेव्हा कळलं नाही. मी पोळीची वाट बघत असायचो.

उतारवयात म्हाताऱ्याने एक प्रकार केला होता, शाई रेखायची नाही, जवळजवळ फेकायची. ओल्या कागदावर डाग पसरू द्यायचा आणि त्यातून डोंगर, झाड, होडी दिसेल न दिसेल एवढीच ठेवायची. ती हे शिकायला लागली तेव्हा आमच्या बैठकीत असे कागद वाळत पडायचे. मी वाकून बघायचो. मला ओघळ दिसायचे. एकदा मी तसं म्हणालोही: "आमच्याकडे हे घासायला गेलं असतं." ती हसली. मीही हसलो. पण माझं हसणं तिच्यासारखं नव्हतं.

मग कारखान्याने आमच्या वयाच्या बऱ्याच लोकांना फोररुहेस्टांडमध्ये, म्हणजे मुदतीआधी निवृत्त करून घरी पाठवलं. मी घरी बसलो आणि ती बाहेर पडू लागली. बाईंची तब्येत नरम असली की वर्ग तीच घ्यायची. दाराशी जर्मन म्हाताऱ्या बायका यायच्या, मला बघून "आख, तुम्ही यांचे यजमान" म्हणायच्या आणि माझ्या अंगावरून पुढे बघायच्या. मी भाजी चिरायला शिकलो. ती वाईट चिरायचो.

त्या वर्षी मंडळाने तिला गणपतीच्या मागचा पडदा रंगवायला सांगितलं. उत्सव आमच्या भागातल्या एका चर्चच्या सभागृहात असायचा, भाड्याने. तिने माणसाच्या उंचीपेक्षा मोठे कागद जोडून त्यावर शाईने सह्याद्री काढला. धुकं, मध्येच वर आलेला एखादा सुळका, खाली कुठेतरी पाण्याची चाहूल. बस्स. आदल्या दिवशी तो लावला तेव्हा बायका गोळा झाल्या.

"वहिनी, छान आहे हो, पण यात गणपती कुठाय?"

"समोर बसणारे की उद्या."

"आणि रंग?"

"रंग तुमच्या साड्यांना आहेत तेवढे पुरेत."

सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी मूर्ती बसली आणि तिच्यामागे तो डोंगर असा उभा राहिला की आत येणारी माणसं दारातच गप्प व्हायची. मी शिडी धरून होतो. दिवे बांधायचे होते. वर्गाच्या बाई आल्या, त्यांच्याबरोबर शाळेच्या आणखी एक बाई होत्या. या दुसऱ्या बाईंनी बायकोला तिथेच विचारलं की म्हाताऱ्याच्या आयुष्यावर आणि कामावर शाळेत एक जाहीर व्याख्यान द्याल का, चित्रं दाखवून, जर्मनमध्ये. ती लाजली आणि हो म्हणाली. मग त्या बाईंना मी दिसलो. शिष्टाचार म्हणून त्यांनी विचारलं, "उंड झी? मालेन झी आउख?" तुम्हीही चित्रं काढता का? मी म्हणालो, नाही, मी शिडी धरतो. त्या मनापासून हसल्या. विनोद चांगला होता. मला तो बोचला.

आमच्या तेव्हाच्या सेक्रेटरीची आई पुण्याहून आलेली होती, सोवळ्यातली, कडक. तिचा सगळ्यांना धाक. ती मूर्तीसमोर मोदकांचं ताट ठेवत होती. मी शिडी सोडून तिच्याजवळ गेलो आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी गमतीने, म्हणालो:

"आजी, मोदक ठेवताय खरे, पण मागची शाई कशाची आहे ठाऊक आहे ना? गाईचं कातडं उकळून केलेली."

कुठल्या जनावराचं, ते ना बायकोला माहीत होतं, ना मला. 'जनावराचं' म्हटलं असतं तर खरं झालं असतं. आजींनी नाक मुरडलं असतं आणि विषय संपला असता, हे मला बोलण्याआधी कळत होतं. म्हणून 'गाईचं' म्हणालो. तो शब्द मी निवडला, दरवाजा तिरका धरून ओघळ शोधावा तसा शोधून.

आजींनी ताट उचललं. "काय बोलताय तुम्ही?"

"अहो, मी रंगातला माणूस. मला ठाऊक असणार ना."

मग जे झालं ते फार वेळ चाललं नाही. "शी!" असं कोणीतरी म्हणालं, मग तो आवाज बायकाबायकांतून पसरला. एकीने मुलाचा हात धरून त्याला मागे ओढलं, जणू डोंगर चावणार होता. सेक्रेटरी माझ्या बायकोकडे गेला आणि खाली बघत म्हणाला, "वहिनी, खरंय का हे?" तिने माझ्याकडे बघितलं. मी शिडीपाशी परत गेलो होतो. ती म्हणाली, "सरस असतो. कशाचा ते..." आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी शिडी धरून उभा राहिलो. "असेल," ती म्हणाली.

पडदा उतरवला. माझीच शिडी वापरली. त्याजागी कोणाची तरी जांभळी पैठणी लावली. कोणीतरी फ्रिजमधून गोमूत्राची छोटी बाटली आणली, भारतातून आणलेली, आणि सगळीकडे शिंपडली. गाईच्या कातड्याने बाटलेली जागा अशी शुद्ध झाली. मोदक मात्र फेकले नाहीत, खूप होते.

आरती सुरू झाली. माझी मुलगी तेव्हा शिकायला बाहेरगावी होती, उत्सवापुरती आलेली. ती माझ्याशेजारी उभी होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते ती जर्मन. ढोलकी जोरात चालली होती. ती माझ्या कानाशी म्हणाली, "उंड दी ट्रोमेल, बाबा? वोराउस इस्ट दी?" आणि ही ढोलकी कशाची आहे?

मी टाळ्या वाजवत राहिलो.

बायको मला त्याबद्दल फार बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "तुम्ही लोकांत असं का बोललात?" मी म्हणालो, "अगं, तोंडातून निसटलं. गंमत करायला गेलो." तिने ते मान्य केलं. दोन-चार दिवसांनी ती शाई उगाळायला बसली. मी पेपर वाचत होतो. कापराचा वास आला, आणि मग ती उठून न्हाणीघरात धावली. ओकली. पुन्हा एकदा प्रयत्न केला, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा कांडी कपाळापाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. "मला आता तुमचं नाक आलंय," ती म्हणाली. व्याख्यानाला तिने नकार कळवला. सगळं सामान बाईंना देऊन आली. तो मोठा पडदा फेकायला निघाली होती, मुलीने तो गुंडाळून आपल्याकडे नेला.

मंडळातली गोष्ट कशी तयार झाली ते मी बघितलं आहे. पहिल्या वर्षी कुजबुज होती. दुसऱ्या वर्षी कोणीतरी म्हणालं, "पण वहिनींनी सोडलं हं लगेच." त्यानंतर ते कौतुक झालं, आणि आजी पुण्यात वारल्या तोवर कीर्तनातल्या दृष्टांतासारखं झालं होतं. बायको पाया पडणाऱ्या मुलींना म्हणायची, "अगं उठ, मी काही सोडलं नाही, मला ओकारी येते." त्यांना वाटायचं, काकू किती साध्या. घरी आल्यावर ती पाय धुवायची. "मेल्या, न काढलेल्या चित्रांच्या पाया पडतात," म्हणायची. तिला त्या पूजेची शिसारी होती. ती मला ऐकू येत होती, आणि मी ऐकून घेत होतो.

गेल्या गणपतीच्या आधी मंडळाचा आताचा अध्यक्ष घरी आला. सॉफ्टवेअरमधला, पोरसवदा, गोड बोलणारा. तिचा सत्कार करायचं ठरलं होतं. शाल, श्रीफळ, मागे मोठ्या पडद्यावर 'त्याग' असा शब्द. "काका, तुम्ही फक्त पाच मिनिटं बोला. काकूंचा जर्नी. थोडं इमोशनल चालेल."

तो गेला. ती डायनिंग टेबलाशी गवार निवडत बसली होती. "त्याग!" ती म्हणाली. "आता यातून माझी सुटका नाही. मेल्यावर फोटोखालीही हेच लिहितील."

तेव्हा मी तिला सांगितलं. निसटलं नव्हतं, ठरवून बोललो होतो. आणि गाय मी घातली होती.

तिचे हात थांबले. "म्हणजे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"तुम्ही म्हणालात, मी रंगातला माणूस."

"म्हणालो."

ती बराच वेळ एका शेंगेचा दोर काढत राहिली. मग म्हणाली, "ज्याचं कोणाचं असेल त्याला मी नमस्कार करत होते. तोवर चालत होतं. तुम्ही त्याला डोळे लावलेत. मोठे, काळे. मी उगाळायला लागले की ते बघायचे माझ्याकडे." आणि थोड्या वेळाने, "मला वाटायचं, माझंच चुकलं. आधी नीट चौकशी करायला हवी होती."

मी म्हणालो, "आता पुन्हा..."

"शाई मिळेल हो. आता बाटलीतसुद्धा मिळते, बिनसरसाची. हात कुठून आणू?" तिने निवडलेली गवार माझ्याकडे सरकवली. "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा. त्या 'त्याग'मधून मला बाहेर काढा."

मी सांगितलं. सभागृह भरलेलं होतं. मी माइक हातात घेऊन म्हणालो की हिने काहीही त्यागलेलं नाही, हिचं काढून घेतलं गेलं आणि ते मी घेतलं. कसं, तेही सांगितलं. शिडी, आजी, गाय, लेबरकेझसकट. मला वाटलं होतं, लोक माझ्याकडे तिरस्काराने बघतील. माझी तयारी होती. खरं म्हणजे मला ते हवं होतं.

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. मग ते उभे राहिले. झिंडेलफिंगेनहून आलेल्या एका इंजिनिअरने मला मिठी मारली आणि त्याचे डोळे ओले होते. "काका, काय करेज! या वयात! आमच्या जनरेशनला हे जमणार नाही." एकीने माझ्याबरोबर फोटो काढला. अध्यक्ष माइकवर म्हणाला की आज आपण दोन त्याग पाहिले, एक काकूंचा आणि एक काकांच्या अहंकाराचा. पुन्हा टाळ्या. माझ्या तोंडात गोड मोहरीची चव आली. आणि मला हे लिहिलंच पाहिजे: टाळ्यांचा पहिला आवाज कानावर पडला तेव्हा, क्षणभर, मला बरं वाटलं होतं.

तिने शाल घेतली. परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, गारठा होता, ती तिने अंगाभोवती गुंडाळली.

"बघितलंत?" ती म्हणाली. "एकाने तरी विचारलं, चित्र कसं होतं?"

"नाही."

"आता तुम्ही रडका मुलगा झालात."

दोन आठवडे गेले असतील. अध्यक्षाचा फोन आला. काकांचं भाषण सगळ्यांना फार भिडलं होतं, लोक त्या जपानी चित्रकाराबद्दल विचारत होते. तर पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमात काकांनी त्याच्या आयुष्यावर आणि कामावर बोलावं. तासभर. स्लाइड्स मुलं करतील.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बघतो."

नाही म्हणालो नाही, 'हिला विचारा' असंही म्हणालो नाही. फोन ठेवला तर ती दारात उभी होती.

"जा की," ती म्हणाली. "चांगलं बोलता तुम्ही. सुरुवात कुठून करणार?"

"चीनपासून," मी म्हणालो. तोंडातून गेलंच.

"चीनमध्ये कुठे?"

मी फोनशेजारचं पेन उचललं.

"बरोबर कोण होतं? तिथून परत आल्यावर पहिलं मोठं काम कुठलं? त्या लांब गुंडाळीवरच्या चित्रात चारही ऋतू आहेत, त्यातला हिवाळा कसा संपवलाय? तो शाई फेकायचा ते चित्र कोणासाठी काढलं? आणि मेला कुठे?"

मला यातलं एकही ठाऊक नव्हतं. ती हे सगळं माझ्यासमोर, माझ्या जेवणाच्या टेबलाशी, वर्षानुवर्षं बोलत आली होती. मला त्यातलं उरलं होतं ते जहाज, जळका मठ आणि उंदीर. आणि उंदीर तर तिला मान्यच नव्हता.

"सांग ना," मी म्हणालो. "मी लिहून घेतो."

ती माझ्याकडे जशी बघत होती तसं मी कारखान्यात दरवाजांकडे बघितलं असेल, माणसाकडे कोणी तसं बघू नये. रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "नाही," ती म्हणाली. "हे नाही मिळायचं तुम्हाला."

मग तिने मुलीला फोन लावला आणि आतल्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं. ती मराठीत बोलत होती, पलीकडून मुलीचं जर्मन. म्हाताऱ्याबद्दल बोलत होत्या हे कळत होतं, मध्येच हसल्याही. मी दाराला कान लावायला उठलो. अर्ध्या वाटेत मला माझीच इतकी घाण वाटली की मी परत येऊन बसलो.

अध्यक्षाला दुसऱ्या दिवशी नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, "काका, किती मॉडेस्ट हो तुम्ही." मी म्हणालो की यात नम्रता काही नाही, मला त्या माणसाबद्दल काहीच माहीत नाही, ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी हिला विचारावं. मला न विचारता, सरळ तिला. "काकू बोलतील?" त्याने विचारलं. मी म्हणालो, ते तिला ठाऊक. आणि फोन तिच्या हातात नेऊन दिला.

ती काय म्हणाली ते मी ऐकलं नाही. मी जिना उतरून खाली आलो होतो.